दिल्लीत धुके, सोलापुरात खोळंबा: हिवाळ्यात गाडीचा उशीर वाढत का जातो?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की उत्तरेतील दाट धुक्यामुळे कर्नाटक एक्स्प्रेस अमुक तास उशिरा धावत असल्याची बातमी सोलापूरकरांच्या वाचनात हमखास येते. बातमी वाचणाऱ्याच्या डोक्यावर मात्र स्वच्छ ऊन असते आणि दुपारी अंगात स्वेटरही नकोसा होतो. नाताळच्या सुट्टीत मुलांना दिल्ली, आग्रा, मथुरा दाखवून आणण्याचा बेत आखलेल्या कुटुंबाला, किंवा संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजेच गड्ड्याच्या यात्रेसाठी दिल्लीहून गावी येणाऱ्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईवडिलांना साहजिकच प्रश्न पडतो, की सुमारे १७०० किलोमीटर दूर पडलेल्या धुक्याचा आपल्या फलाटावरच्या गाडीशी इतका संबंध कसा? त्यातही धुके पहाटे पडते आणि बहुतेक वेळा दुपारपर्यंत विरते. गाडीचा उशीर मात्र दुपारनंतर कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो.

याचे थोडक्यात उत्तर असे की, धुके उशिराची केवळ सुरुवात करून देते आणि पुढे तो वाढतो तो एकमेकांत गुंतलेल्या वेळापत्रकामुळे. ही गुंतागुंत एकदा समजली की आपली गाडी किती रखडणार याचा बराचसा अंदाज घरबसल्या, तोही आदल्या दिवशी, बांधता येतो.

धुके म्हणजे नेमके काय?

जमिनीला टेकलेला ढग, ही धुक्याची सर्वांत सोपी व्याख्या. डोळ्यांना समोरचे किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते त्याला हवामानशास्त्रात दृश्यता म्हणतात आणि ती १००० मीटरच्या खाली गेली की धुके पडले असे मानले जाते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत दृश्यता २०० मीटरच्या खाली आली की दाट धुके आणि ५० मीटरच्याही खाली गेली की अतिदाट धुके.

हिवाळ्यात रात्र मोठी असते. आकाश निरभ्र असेल तर दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्रभर वर सोडत राहते, स्वतः गार होते आणि तिला लागून असलेली हवाही गार करते. गार हवेत वाफ कमी मावत असल्याने जादा वाफेचे बारीक थेंब होतात. हे थेंब धुळीच्या, धुराच्या कणांभोवती जमतात आणि म्हणूनच जिथे प्रदूषण जास्त, तिथे धुके अधिक दाट होते व अधिक वेळ टिकते. एरवी आपण जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते. अशा रात्री मात्र खाली गार आणि वर उबदार असा उलटा थर तयार होतो. वरचा उबदार थर खालच्या गार हवेला वर चढू देत नाही, वाराही मंद असतो आणि धुके जागच्या जागी कोंडून राहते.

पंजाबपासून बिहारपर्यंतच्या सपाट प्रदेशात ही सारी सामग्री एकाच वेळी हजर असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळी पाऊस आणि बर्फ घेऊन येणाऱ्या वातावरणातील हालचाली, मैदानात थोडा पाऊस पाडून पुढे सरकतात. त्यांच्या मागे ओली जमीन आणि मोकळे आकाश उरते, शिवाय गव्हाच्या शेतांना पाणी चालू असतेच. उत्तरेला हिमालयाची भिंत असल्यामुळे ही जड, ओलसर हवा सहजी हटत नाही.

मग सोलापुरात असे धुके का पडत नाही?

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, कोरड्या पठारावर आहे. येथील हिवाळी हवेत मुळातच ओलावा कमी असतो. उजनीच्या जलाशयाकाठी किंवा भीमेच्या खोऱ्यात पहाटे पांढरा पट्टा दिसतो खरा, पण तो ऊन वर येताच विरतो. सूर्याच्या उंचीचाही फरक आहे. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सोलापुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो, तर दिल्लीत जेमतेम ३८ अंश. दिल्लीचे ऊन तिरपे आणि दुबळे असते. त्यातील बराच भाग धुक्याच्या पांढऱ्या माथ्यावरूनच परत फिरतो, म्हणून जमीन तापत नाही आणि जमीन तापत नाही म्हणून धुके हटत नाही.

गाडी रुळावरूनच तर जाते, मग दिसण्याची गरज कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. रेल्वेला रस्ता चुकण्याची भीती नसते, भीती असते ती सिग्नल चुकण्याची. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला पूर्ण थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो. थांबण्याच्या सिग्नलच्या तितकेच आधी पूर्वसूचना देणारा सिग्नल लावलेला असतो तो त्यासाठीच. आता दृश्यता ५० मीटर असेल तर या वेगाने ते अंतर दोन सेकंदांच्या आत संपते. खांब दिसला, त्यावरचा रंग ओळखला, इतके होईपर्यंत इंजिन पुढे निघून गेलेले असते.

रेल्वेची यासाठीची जुनी पद्धत आजही वापरात आहे आणि ती पाहण्यासारखी आहे. स्टेशन मास्तर स्थानकापासून १८० मीटरवर ठरवून दिलेली खूण दिसते का, हे पाहतो. ती दिसेनाशी झाली की धुक्याच्या ड्यूटीवरची माणसे कंदील घेऊन बाहेर पडतात. सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे, रुळाच्या माथ्यावर, पत्र्याची एक चपटी डबी ठेवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या मऊ पट्ट्या रुळाला घट्ट दुमडतात. काही मीटर सोडून तशीच दुसरी. रेल्वेवाले तिला पटाखा म्हणतात. इंजिनाचे चाक वरून गेले की मोठा बार होतो आणि लोको पायलटला कळते, की आता सिग्नल येतो आहे, नजर तिथे हवी. कडाक्याच्या थंडीत, समोरचे काही दिसत नसताना रुळावर बसून हे काम करणाऱ्याचा विचार गाडी उशिरा आल्याबद्दल चिडलेल्या आपल्यापैकी कुणाच्या मनात सहसा येत नाही.

दोन तास वाया गेले तर आठ तास उशीर कसा?

येथे खरी गोम आहे. साधा हिशेब करून पाहू. ग्वाल्हेर ते दिल्ली हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. ताशी ११० च्या वेगाने ते पावणेतीन तासांत पार होते आणि धुक्यात ताशी ६० ने गेल्यास पाच तास लागतात. म्हणजे धुक्याने थेट खाल्ले ते सव्वादोन तास. मग उरलेला उशीर कुठून आला?

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. पहिली पंगत अर्धा तास उशिरा बसली आणि वाढपी सावकाश वाढू लागले, तर स्वयंपाक तयार असूनही दुसरी पंगत बसू शकत नाही. पहिली उठायला हवी, पाने उचलायला हवीत, जागा पुसायला हवी. चौथ्या पंगतीला बसणाऱ्याचा त्या पहिल्या अर्ध्या तासाशी काहीही संबंध नसतो, तरी दीड तास ताटकळतो तो तोच. त्यात वाढपी दमले आणि दुसरे यायचे असले तर आणखी खोळंबा.

रेल्वेमार्गावर हेच घडते. एका टप्प्यात एक गाडी असताना मागची आत सोडत नाहीत, हा सुरक्षिततेचा पाया आहे. पुढची गाडी तो टप्पा दुप्पट वेळाने ओलांडू लागली की त्या मार्गावरून तासाला जाऊ शकणाऱ्या गाड्यांची संख्याच निम्मी होते. आग्रा, मथुरा, दिल्ली हा मार्ग एरवीही गाड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे धुक्याच्या पहाटे तिथे रांग लागते. बेंगळुरूहून सोलापूरमार्गे दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस वेळेवर असली तर नेमकी पहाटे ग्वाल्हेर ओलांडून सकाळी आग्रा आणि मथुरा गाठते, म्हणजे धुके सर्वांत दाट असण्याच्या वेळीच. प्रत्येक गाडीला वेळापत्रकात मार्गावरून जाण्याची एक ठरलेली वेळ नेमून दिलेली असते. ती एकदा हुकली की गाडी दुसऱ्यांच्या वेळेत घुसू पाहते आणि वेळेवर असलेल्या गाडीला आधी वाट देण्याकडे नियंत्रण कक्षाचा साहजिकच कल असतो. आधीच उशिरा असलेली गाडी मग बाजूच्या रुळावर उभी राहते, आणखी उशिरा होते.

आता परतीच्या गाडीकडे पाहा. डब्यांची जोडलेली संपूर्ण माळ म्हणजे रेक. तोच रेक एका टोकाला पोचून, धुऊन, ब्रेक तपासून, पाणी आणि चादरी भरून परतीच्या प्रवासाला निघतो. समजा, सकाळी ९ ला दिल्लीत पोचणारा रेक रात्री ८ ला परत सुटायचा आहे आणि त्याच्या देखभालीला ६ तास लागतात. म्हणजे हाताशी ५ तासांची मोकळीक आहे. गाडी ४ तास उशिरा पोचली तरी परतीची वेळ सांभाळता येते. ९ तास उशिरा पोचली तर परतीची गाडी सुटतानाच ४ तास मागे असते. ती दिल्लीच्या सीमेबाहेर पडताना आकाश कदाचित चांदण्यांनी भरलेले असेल, उशीर मात्र तिच्यासोबत मनमाड, दौंड करत सोलापूरपर्यंत येतो. मधल्या काळात लोको पायलट आणि गार्ड यांच्या कामाचे तास संपतात आणि त्यांच्या जागी ताजे कर्मचारी द्यावे लागतात. ते ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी हजर असतात, पण गाडी आलेली नसते.

म्हणून सोलापुरात रात्री गाडीची वाट पाहणाऱ्याने दिल्लीचे आजचे हवामान पाहण्यापेक्षा, त्या गाडीचा रेक दिल्लीत किती वाजता पोचला होता, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

इंजिनात आता धुक्याचे यंत्र असते ना?

असते. उपग्रहाच्या साहाय्याने चालणारे हे छोटे उपकरण लोको पायलट सोबत नेतो. मार्गावरील सिग्नल आणि फाटकांची ठिकाणे त्यात आधीच भरलेली असतात आणि सिग्नल सुमारे ५०० मीटरवर आला की ते बोलून सूचना देते. त्यामुळे धुक्यात ताशी ६० ऐवजी कमाल ७५ किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. लाभ मोठा आहे, पण त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी: सिग्नल कुठे आहे हे उपकरण सांगते, तो लाल आहे की हिरवा हे सांगत नाही. त्यासाठी डोळ्यांनी खांब पाहावाच लागतो.

ही उणीव भरून काढणारी प्रणाली म्हणजे कवच. तिच्यात सिग्नलची स्थिती थेट इंजिनातील पडद्यावर दिसते आणि चालकाने दुर्लक्ष केल्यास ब्रेक आपोआप लागतात. ती देशाची अधिकृत प्रणाली म्हणून २०२० मध्ये स्वीकारली गेली आणि टप्प्याटप्प्याने बसवली जात आहे. मात्र ती मार्गावर आणि इंजिनात, दोन्हीकडे असावी लागते. मधला एक तुकडा राहिला तरी तिथे वेग पुन्हा धुक्याच्या हिशेबाने.

गाड्या आधीच रद्द का करतात?

उत्तरेकडील विभाग दरवर्षी साधारण १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काही गाड्या रद्द करतात किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करतात. लोकांना हे हात वर करण्यासारखे वाटते. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण मार्गाची क्षमताच घटणार असेल तर गाड्या आधीच कमी करणे हे सर्वांनाच दहा तास रखडवण्यापेक्षा बरे. कुटुंबालाही दोन महिने आधी कळलेली रद्दता परवडते, ऐन वेळची नाही.

विमान तर धुक्याच्या वरून उडते!

उडते, पण उतरायचे धुक्यातच असते. दिल्लीच्या विमानतळावर अशी यंत्रणा आहे की, धावपट्टीवरील दृश्यता ५० मीटरपर्यंत खाली आली तरी विमान उतरू शकते. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: धावपट्टीवर ती यंत्रणा, विमानात तिला जुळणारी साधने आणि त्याचे खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक. यातील एक नसले तर विमान जयपूर किंवा लखनौकडे वळवले जाते. गंमत म्हणजे उड्डाणाला उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते, साधारणपणे १२५ मीटर. त्यामुळे आलेली विमाने उतरतात, पण निघणारी अडकून पडतात.

आणि विमानालाही पंगतीचा नियम चुकत नाही. एकच विमान दिवसभरात चारपाच फेऱ्या करते. पहाटे दिल्लीत अडकलेल्या विमानाचा उशीर संध्याकाळी पुण्यात दिसतो. सोलापूरहून उत्तरेकडे विमानाने जाणारे बहुतेक जण पुणे किंवा हैदराबाद गाठतात. त्यांनी दिल्लीला सकाळी पोचणाऱ्या विमानापेक्षा दुपारी १ ते ४ च्या दरम्यान पोचणारे विमान निवडावे.

रस्त्याचे आणि बर्फाचे काय?

दिल्लीहून आग्र्याला टॅक्सीने जाणाऱ्यांनी यमुना द्रुतगती मार्गावर पहाटे निघण्याचा मोह टाळावा. हिवाळ्यात तेथील वेगमर्यादा मुद्दाम कमी केली जाते, तरीही एकामागून एक वाहने आदळण्याचे अपघात दाट धुक्यात होतात. मनालीकडे २०२० पासून अटल बोगदा खुला आहे, पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी ताजा बर्फ पडला की रस्ता बंद होतो. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर पारदर्शक काचेसारखे गोठते, ते वरून दिसतही नाही आणि त्यावर ब्रेक लागत नाही. मैदानातील चालकाने तिथे स्वतः गाडी चालवण्याचे धाडस करू नये, इतकेच.

पैसे परत मिळतात का?

काही वेळा मिळतात, पण नियम माहीत असतील तरच. तिकिटावर प्रवास जिथून सुरू होतो त्या स्थानकावर गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण रक्कम परत मिळते. ऑनलाइन तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, भरावा लागतो. गाडी सुटल्यावर रागाने भरलेला दावा बाद होतो. गाडीत बसल्यानंतर ती दिल्लीला कितीही उशिरा पोचली, तरी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

दोन गाड्यांचा जोडप्रवास असेल, उदाहरणार्थ सोलापूर ते दिल्ली आणि पुढे हरिद्वार, तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावेत. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कपातीशिवाय मिळतात. दावा पहिली गाडी पोचल्यापासून ३ तासांच्या आत करायचा. मात्र रेल्वे आणि विमान यांची अशी जोडणी होत नाही. गाडी उशिरा आली म्हणून विमान चुकले, तर विमान कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त गैरहजर असता.

विमानाला ६ तासांपेक्षा अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो, परंतु हवामान हे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण मानले जात असल्याने त्यावर वेगळी भरपाई मिळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गाडी ४ तास उशिरा पोचल्याने पुढचे विमान चुकलेल्या एका प्रवाशाला रेल्वेने ३० हजार रुपये द्यावेत, हा आदेश कायम ठेवला. त्या निकालाचा आधार धुक्याच्या प्रकरणात सरसकट मिळेल असे समजू नये. उशिराचे कारण आपल्या नियंत्रणाबाहेर होते, हे रेल्वेला तिथे सिद्ध करता आले नव्हते. दाट धुक्याच्या दिवशी ते सिद्ध करणे तिला सोपे जाईल.

मग जायचेच नाही का?

अडचण अशी की, शाळेची नाताळची सुट्टी आणि उत्तरेतील धुक्याचा हंगाम यांचे दिवस एकच आहेत. पर्याय असेल तर या दिवसांत सोलापूरकराने दक्षिणेची वाट धरावी, असे मी म्हणेन; हंपी, बदामी, विजयपूर जवळ आहेत आणि तिकडे आकाश मोकळे असते. दिल्ली-आग्रा होळीच्या आसपास उत्तम, पण तेव्हा परीक्षा असतात, हेही खरे.

जायचेच असेल तर दिल्लीत पोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नये: ना ताजमहालाचे तिकीट, ना पुढची गाडी. हॉटेलचे आरक्षण मोफत रद्द करता येईल असेच घ्यावे. रखडलेल्या गाडीत जेवणाचा भरवसा नसतो, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेहमीपेक्षा दोन वेळांची जास्त न्यावी, ती टिकते. वयस्कर मंडळींची औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि दोन दिवसांची अधिक असावीत.

परतीचा दिवस निवडताना शाळा सुरू होण्याच्या किंवा गड्ड्याच्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या रात्री सोलापुरात पोचणारी गाडी टाळावी. एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. आणि निघण्याच्या दिवशी सकाळपासूनच, दिल्लीकडे येत असलेली जोडीची गाडी, म्हणजे जिचा रेक तुमची परतीची गाडी म्हणून सुटणार आहे ती, कुठवर आली आहे, हे रेल्वेच्या चौकशी अ‍ॅपवर पाहावे. ती दुपारी १२ ला ग्वाल्हेरलाही पोचली नसेल, तर अ‍ॅपवर तुमची गाडी अजून ‘वेळेवर’ दिसत असली तरी हॉटेलची खोली संध्याकाळपर्यंत वाढवून घ्यायला हरकत नाही.